वेलनेस-बिलनेस आणि पावणेआठचं ताट

ऑफिसचं वार्षिक हेल्थ चेकअप म्हणजे आमच्याकडे छोटंसं गॅदरिंगच असतं. उपाशीपोटी आलेली पब्लिक, रक्त दिलं की मिळणारी फुकटची इडली, आणि मग आठवडाभर ‘तुझं कोलेस्टेरॉल किती? माझं बघ!’ अशी दहावीच्या मार्कांसारखी चर्चा. गेल्या एप्रिलमध्ये माझी पीडीएफ आली. सगळे आकडे हिरवे, आणि बरोब्बर मधोमध एकच आकडा केशरी. एचबीएवनसी ६.१. मी तो बघितला, लॅपटॉप मिटला आणि कॉफी घ्यायला गेले. दोन चमचे साखर घालून. सवय, दुसरं काय!

वय ३३, सिगरेट नाही, वजन ‘तसं ठीक’, टेकडीवर महिन्यातून एकदा सेल्फीपुरतं जाणं. मला कसं होईल?

ज्यांनी अजून हा आकडा बघितलेला नाही त्यांच्यासाठी थोडक्यात सांगते. रक्तातली साखर तांबड्या पेशींमधल्या हिमोग्लोबिनला चिकटते. पेशीचं आयुष्य साधारण १२० दिवसांचं. त्यामुळे आदल्या रात्री तुम्ही सूप पिऊन शहाण्यासारखे झोपलात तरी उपयोग नाही, मागच्या दोन-तीन महिन्यांचा सगळा हिशेब हा आकडा देतोच. ५.७ च्या खाली असेल तर छान. ६.५ आणि पुढे म्हणजे डायबेटिस. मधला जो पट्टा आहे, त्याला प्रीडायबेटिस म्हणतात. २०२३ साली आयसीएमआरचा देशभराचा मोठा अभ्यास प्रसिद्ध झाला, त्यात या पट्ट्यातल्या भारतीयांचा अंदाज होता १३ कोटी ६० लाख. म्हणजे कंपनी बरीच मोठी आहे.

पण माझं टेन्शन वेगळं होतं. आमच्या फ्रिजच्या दारात, अंड्यांच्या खणाशेजारी, आईची इन्शुलिनची पेनं असायची. शेवटी शेवटी तिच्या किडन्यांनी साथ सोडली. आठवड्यातून तीनदा डायलिसिस, बाबा रिक्षातून घेऊन जायचे. तिला जाऊन तीन वर्षं झाली. तो खण अजून रिकामाच आहे. आम्ही दोघंही त्यात काही ठेवत नाही.

त्यामुळे रिपोर्टबद्दल बाबांना सांगायचं नाही, हे मी कॉफी संपायच्या आतच ठरवलं होतं.

डॉक्टर शांत होते. ‘गोळी इतक्यात नको. वजन थोडं उतरव, रोज चाल, झोप नीट घे, तीन महिन्यांनी परत ये.’ मी निराशच झाले. एवढंच? मला काहीतरी भारी, पूर्ण पॅकेज हवं होतं. चेन्नईच्या डॉ. ए. रामचंद्रन आणि त्यांच्या टीमचा २००६ सालचा अभ्यास त्यांनी मला सांगितला. काठावरच्या माणसांना साधारण तीन वर्षं नुसतं चालणं आणि खाणं सुधारायला लावलं, तर डायबेटिस होण्याची शक्यता सुमारे २८ टक्क्यांनी कमी झाली. मेटफॉर्मिनच्या गोळीनं साधारण तेवढीच. आणि दोन्ही एकत्र केलं तरी जास्त फायदा नाही. मी मान डोलावली आणि घरी जाऊन क्रेडिट कार्ड काढलं.

पुढचे दोन महिने मी काय काय केलं ते सांगायला लाज वाटते, पण हा कॉलम त्याचसाठी आहे. घड्याळ घेतलं, जे हृदयाचे ठोके मोजतं आणि रात्री कितीदा कूस बदलली त्याची चहाडी करतं. जिमची वर्षाची फी एकदम भरली, कारण महिन्याची भरणं म्हणजे म्हणे वेडेपणा. (वर्षाची भरणं हा शहाणपणा होता की नाही, ते मी एकूण नऊ वेळा गेले यावरून तुम्हीच ठरवा.) जांभळी योगा मॅट घेतली. हळदीचं दूध कॅफेत जाऊन प्यायले, म्हणजे जे दूध लहानपणी नाक दाबून ओतून घेतलं तेच, फक्त वर फेस आणि बिलावर जीएसटी.

खाण्याचा विषय तर विचारूच नका. आमच्या फ्लोअरवर दोन पक्ष आहेत. एक दीक्षित पक्ष. डॉ. जगन्नाथ दीक्षित म्हणतात त्याप्रमाणे दिवसातून दोनदाच खायचं, कडकडून भूक लागेल त्या दोन वेळा शोधायच्या, ५५ मिनिटांत जेवण संपवायचं आणि ४५ मिनिटांत साडेचार किलोमीटर चालायचं. मूळ कल्पना डॉ. श्रीकांत जिचकारांची, हे ते स्वतःच सांगतात. दुसरा पक्ष ऋजुता दिवेकरांचा. २००९ च्या त्यांच्या पुस्तकानं पब्लिकला दर दोन तासांनी थोडं थोडं खायला आणि तुपाला न घाबरायला शिकवलं. दोन्ही पक्षांत बारीक झालेली माणसं आहेत, दोन्ही पक्षांत तत्त्वनिष्ठ कार्यकर्ते आहेत. मी आघाडी सरकार केलं. सकाळी दर दोन तासांनी दाणे-केळी-पोळी, दुपारनंतर कडक उपास. ते सरकार अकरा दिवस टिकलं आणि एका गुरुवारी व्हेंडिंग मशीनसमोर कोसळलं. क्रीमची बिस्किटं, दोन पुडे.

मग पहाटे उठायचं खूळ. वाग्भटांच्या अष्टांगहृदयात दिनचर्येचा अख्खा अध्याय आहे, आणि त्याची सुरुवातच निरोगी माणसानं ब्राह्ममुहूर्तावर उठावं, अशी आहे. ब्राह्ममुहूर्त म्हणजे सूर्योदयाच्या सुमारे दीड तास आधी. पुण्यात मे-जूनमध्ये सहाच्या सुमाराला उजाडतं. करा हिशेब. साडेचार! आणि मी झोपणार कधी, तर अमेरिकेचा कॉल आटपून, त्यांनी पाठवलेलं ‘छोटंसं’ काम उरकून, साडेबाराला. चार तासांच्या झोपेवर मी सूर्यनमस्कार घालत होते आणि दुपारी मीटिंगमध्ये डोळे उघडे ठेवून झोपत होते. वाग्भटांच्या क्लायंट कॉलची वेळ वेगळी असावी.

गंमत म्हणजे त्याच अध्यायात पुढे व्यायामाबद्दल जे आहे, ते मला कोणी सांगितलंच नव्हतं. व्यायाम करायचा तो आपल्या निम्म्या ताकदीनं, तोसुद्धा अंगात बळ असेल आणि खाणं चांगलं असेल तर. थंडीत आणि वसंतात निम्म्या ताकदीनं, एरवी त्याहूनही हळू. आमचा ट्रेनर मात्र ‘कमॉन, एकशे दहा टक्के!’ म्हणून ओरडायचा. मेच्या उन्हाळ्यात.

या सगळ्यात सगळ्यात महत्त्वाचा बदल मला सर्वात सोपा वाटला होता. रात्रीचं जेवण लवकर. साडेसहाला ऑफिसच्या कँटीनमध्येच जेवायचं, मग निघायचं, हिंजवडी ते कोथरूड ट्रॅफिकमध्ये पॉडकास्ट ऐकायचा, घरी येऊन फक्त गरम पाणी. बाबांना म्हटलं, ‘माझ्यासाठी थांबू नका, तुम्ही जेवून घ्या.’ ‘बरं,’ म्हणाले. बाबांचं ‘बरं’ हे असंच असतं, त्यातून काही कळत नाही.

आधी आम्ही नऊच्या आसपास एकत्र जेवायचो. म्हणजे काय, तर बातम्या चालू, मी मोबाइलमध्ये, ते आमटीत. बोलणं फार नाहीच. ‘कोशिंबीर घे.’ ‘उद्या गॅसवाला येणारे.’ यात गमावण्यासारखं काय आहे, असं मला वाटलं असेल तर तुम्ही समजून घ्या.

जूनच्या शेवटी एका रात्री जोरदार पाऊस होता, कॉल रद्द झाला आणि मी पाणी प्यायला स्वयंपाकघरात गेले. बाबा ओट्याला टेकून उभे होते. हातात चहाचा मग, त्यात दूध, दुधात ग्लुकोजची बिस्किटं बुडवलेली. ‘जेवला नाहीत?’

‘हे काय, जेवतोय की.’

‘रोज हेच?’

‘अगं, एकट्यासाठी काय ताट वाढायचं? आणि कुकर लावा, तो घासा...’ ते अगदी सहज बोलले, तक्रार नव्हतीच. दोन महिने माझ्या घड्याळानं माझा श्वास न् श्वास मोजला होता आणि त्याच घरात, त्याच वेळी, सत्तर वर्षांचा माणूस उभ्यानं बिस्किटं खाऊन झोपत होता. आणि मी होलिस्टिक वगैरे काहीतरी करत होते म्हणे!

दुसऱ्या दिवशी मी घड्याळ काढून ठेवलं. फेकलं नाही, महाग आहे. दहा हजार पावलांचं प्रकरणही तेव्हाच वाचलं. ती संख्या कुठल्या डॉक्टरच्या प्रिस्क्रिप्शनमधून आलेली नाही. १९६५ साली जपानमध्ये एक पावलं मोजायचं यंत्र बाजारात आलं, त्याचं नावच ‘मानपोकेई’, म्हणजे दहा हजार पावलं मोजणारं. विकायला सोपा, गोल आकडा. जागतिक आरोग्य संघटना आठवड्याला १५० ते ३०० मिनिटं मध्यम जोराची हालचाल आणि दोन दिवस स्नायूंचा व्यायाम सांगते. २०२० पासून तर ती मिनिटं सलग दहा-दहाची असायला हवीत, ही अटही काढून टाकली आहे. पाच मिनिटं चाललात, मोजा. जिने चढलात, मोजा.

मी एक दोनशे पानी वही घेतली, दुकानातली साधी, कव्हरवर मोर असलेली. आणि महिनाभर काहीही न बदलता फक्त लिहिलं. कधी झोपले, कधी उठले, काय खाल्लं, कधी खाल्लं, त्या वेळी भूक होती की नुसता कंटाळा, कोणाशी भांडले. हा माझा सगळ्यात आवडता सल्ला आहे आणि तो फुकट आहे. बदल नंतर करा, आधी स्वतःचा दिवस बघा. कारण आपल्याला वाटतं तो आपला दिवस नसतोच. मला वाटायचं मी गोडखाऊ आहे. वहीत दिसलं, की ज्या रात्री सहा तासांपेक्षा कमी झोप, त्याच्या दुसऱ्याच दिवशी चार ते सहामध्ये बिस्किटं. झोप झालेली असेल तर मशीनसमोरून मी सरळ निघून जात होते. म्हणजे माझा प्रॉब्लेम बिस्किटाचा नव्हताच, आदल्या रात्रीचा होता. आणि झोप का नाही? कारण संध्याकाळी साडेसहाची कडक कॉफी. कॅफिन अंगातून निम्मं व्हायलाच पाच-एक तास घेतं. साडेसहाच्या कॉफीतलं निम्मं साडेअकराला माझ्यासोबत जागं होतं, सिरीज बघत!

कॉफी तीनच्या आत आणली. बिस्किटं आपोआप कमी झाली. विलपॉवर-बिलपॉवर काही लागली नाही हो.

वहीनं आणखी एक गोष्ट दाखवली आणि ती कळल्यावर मी एकटीच हसले. आयुर्वेदात ऋतुचर्या असते ना, सहा ऋतू, प्रत्येकाचं खाणंपिणं वेगळं? माझे ऋतू दोनच आहेत आणि ते अमेरिका ठरवते. न्यूयॉर्कची टीम सकाळी अकराला कॉल ठेवते. मार्चमध्ये ते घड्याळं तासभर पुढे करतात तेव्हा आपल्याकडे तो रात्री साडेआठला. नोव्हेंबरच्या पहिल्या रविवारी ती मागे घेतात, की साडेनऊला. बाहेर पाऊस असो की थंडी, माझं जेवण, माझी झोप, माझी चिडचिड, सगळं या दोन तारखांवर हलतं. हे कुठल्या रेडीमेड प्लॅनमध्ये सापडणार? शिंप्याकडे माप द्यायला गेल्यावर आपण दुसऱ्याचं माप देतो का?

मग बाबांशी वाटाघाटी. त्यांची वेळ नऊ, माझी साडेसहा. ते पावणेआठवर आले, मीही पावणेआठवर. (बातम्यांचा त्याग हा त्यांचा. मी सहाला ऑफिसातून निघण्याचा. मॅनेजरला मी हे कसं पटवलं तो वेगळ्या कॉलमचा विषय आहे. थोडक्यात म्हणजे, सरळ विचारलं.) ताटात काही क्रांती नाही. भात होता तो निम्मा झाला, त्या जागेवर उसळ वाढली, आणि आधी कोशिंबीर-भाजी, मग पोळी. पोळी बाबा लाटतात. नकाशे असतात, पण असतात.

आणि जेवणानंतर शतपावली. आजी म्हणायची तेव्हा आम्ही टर उडवायचो त्या शब्दाची. पण त्यामागचं गणित झकास आहे. जेवल्यावर रक्तात साखर चढायला लागते, नेमक्या त्याच वेळी पायाचे मोठे स्नायू कामाला लावले, तर ते ती साखर ओढून घेतात, आणि आकुंचन पावणाऱ्या स्नायूला त्यासाठी इन्शुलिनची तितकी वाट बघावी लागत नाही. सकाळचा एक तास घाम गाळून मग दिवसभर खुर्चीत बसण्यापेक्षा, जेवणानंतरची ती पंधरा मिनिटं माझ्यासारखीला जास्त उपयोगाची. पावसाळा होता, म्हणून सोसायटीच्या पार्किंगमध्ये, गाड्यांच्या मधून. बी विंगच्या लिफ्टपासून वॉचमनच्या खुर्चीपर्यंत आणि परत. बाबा फेऱ्या बोटांच्या पेरांवर मोजतात.

ताटासमोर न बोलणारी माणसं चालताना बोलतात, हा मला लागलेला शोध. कदाचित समोरासमोर बघावं लागत नाही म्हणून. ऑगस्टमध्ये एकदा, मध्येच, बाबा म्हणाले, ‘तुझ्या आईचा पहिला रिपोर्ट आला ना, २००७ ला, तेव्हा डॉक्टर म्हणाले होते, बॉर्डरवर आहे. आताच लक्ष द्या.’

‘मग?’

‘मग काय. तुझं दहावीचं वर्ष होतं. म्हणाली, मार्च होऊ दे. रिपोर्ट पोथीच्या खणात ठेवला तिनं. मार्च झाला, मग अ‍ॅडमिशन आली, मग माझी बदली.’

आमची सातवी फेरी चालू होती. वॉचमनच्या रेडिओवर गाणं चाललं होतं. मी काही बोलले नाही. आठव्या फेरीला लिफ्टपाशी पोचल्यावर म्हटलं, ‘बाबा, माझा ६.१ आलाय. एप्रिलमध्ये.’

ते थांबले. ६.१ म्हणजे काय ते त्यांना समजावून सांगावं लागलं नाही, आईच्या फायली तेच लावायचे. ‘प्रिंट काढ,’ एवढंच म्हणाले. दुसऱ्या दिवशी ती प्रिंट फ्रिजवर होती, महाबळेश्वरच्या स्ट्रॉबेरीच्या मॅग्नेटखाली. पोथीच्या खणात नाही.

बाकीच्या गोष्टी हळूहळू बसल्या. योगासनं सुटली नाहीत, फक्त लहान झाली. मॉडेल कॉलनीत १९७५ साली ज्यांनी आपली इन्स्टिट्यूट उभी केली, ते बी. के. एस. अय्यंगार लहानपणी मलेरिया, टायफॉइड, टीबी सगळ्यातून गेलेले, अंगानं किडकिडीत. त्यांनी पट्टे, ठोकळे, खुर्च्या, दोर वापरून प्रत्येक शरीराला जमेल तसं आसन करून दाखवलं. आज जगभर त्यांची शैली त्या साहित्यासाठी ओळखली जाते. मला ते वाचून एकदम हायसं वाटलं. माझा हात पायाच्या अंगठ्याला पोचत नाही तर बाबांचा जुना चामडी पट्टा पोचतो. सकाळी साडेसात, सहा सूर्यनमस्कार, पट्ट्यानं दोन आसनं, खुर्चीवरून वीस उठाबशा, दहा मिनिटं डोळे मिटून श्वास. कधी कधी त्या दहा मिनिटांत मी चक्क डुलकी काढते. रविवारी एआरएआयच्या बाजूनं टेकडी, सेल्फीशिवाय. जांभळ्या मॅटवर सध्या बाबा पाठीचे व्यायाम करतात.

आणि जमत नाही ते जमत नाही. रिलीजच्या आठवड्यात सगळं कोसळतं. गणपतीत मोदक मोजले नाहीत. टीममधलं कोणी लग्न करतं तेव्हा आईस्क्रीमच्या काउंटरशी मी दोनदा दिसते. वहीत ते लिहिते, बाजूला तारीख टाकते, बस्स.

ऑक्टोबरअखेर परत रक्त दिलं. ५.९. अजून केशरीच आहे. मी डॉक्टरांकडे जरा हिरमुसून बघितलं तर ते म्हणाले, ‘योग्य दिशेनं आहे, आता पुन्हा तीन महिन्यांनी.’ वजन साडेतीन किलो उतरलंय. बाबांचं एक किलो वाढलंय, त्यांचं वाढायलाच हवं होतं. ती प्रिंट पहिलीच्या शेजारी लागली, दुसऱ्या मॅग्नेटखाली, गणपतीपुळ्याच्या.

नोव्हेंबरचा पहिला रविवार आला, अमेरिकेनं घड्याळं मागे घेतली आणि सोमवारी कॉल साडेनऊवर गेला. सव्वाआठला जेवण झालेलं, पाऊस थांबलेला, हवेत पहिली थंडी. अख्खा एक तास मोकळा. त्या रात्री आम्ही पार्किंगच्या बाहेर पडलो, कर्वे पुतळ्यापर्यंत चालत गेलो आणि रमतगमत परत आलो. बाबांनी मफलर आणला होता आणि मलाही एक आणला होता.

गेटपाशी मी त्यांना या घड्याळाच्या भानगडीचा सगळा हिशेब समजावून सांगितला. त्यांनी नीट ऐकून घेतलं.

‘म्हणजे मार्चमध्ये पुन्हा साडेआठ?’

‘हो.’

‘त्यांना एक मेल टाक,’ बाबा म्हणाले. ‘म्हणावं, यंदा राहू द्या, नका बदलू.’